क्रोमियमची गोळी साखर उतरवते का?

प्रश्न : यजमानांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड चालू होतं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.२. जाऊबाईंनी क्रोमियम पिकोलिनेटच्या (क्रोमियम या खनिजाच्या पूरक) गोळ्या दिल्या, तेव्हापासून यजमानांनी ग्लिमेपिराइड परस्पर बंद केलं. चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही ताई, चालणार नाही. ८.२ असताना चालू गोळी सोडणं मला फार काळजीचं वाटतं. आजच डॉक्टरांना फोन करा.

क्रोमियमचा बोलबाला उगाच झालेला नाही. १९७०च्या दशकात दीर्घकाळ फक्त शिरेतून पोषण घेणाऱ्या काही रुग्णांची साखर वाढली, वजन घटलं; त्या द्रवात क्रोमियम मिसळल्यावर साखर आटोक्यात आली. पण त्यांच्या पोटात अन्नाचा घास जात नव्हता. तुमचे यजमान भाकरी-उसळ जेवतात, त्यातून पुरेसं क्रोमियम मिळतं. १९९७ साली चीनमधल्या एका अभ्यासात मोठ्या मात्रेने फायदा दिसला, पुढच्या अभ्यासांत मात्र निकाल उलटसुलट आले. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही साखरेसाठी अशा गोळ्यांची शिफारस करत नाही.

शिवाय ग्लिमेपिराइड पुन्हा सुरू झाल्यावर क्रोमियमही चालू राहिलं, तर साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. हात थरथरणं, दरदरून घाम, ही त्याची खूण. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर क्रोमियमची बाटली उघडूच नका.

पैसे खर्चायचेच तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते घटतं. तळपायांना मुंग्या येतात का, तेही त्यांना विचारा; ती बी-१२ कमी झाल्याची खूण असू शकते.