मुलाच्या खेळाला पैसे मिळतायत, पण व्हिसा कुठला आहे?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, टेनिस चांगलं खेळतो. एका एजंटने त्याला एका पेयाच्या कंपनीसाठी इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकण्याचे पैसे देऊ केलेत. शिवाय 'अमुक कॉलेजात आलास तर तिथेही पैसे मिळवून देतो' असं सांगितलंय. ह्यांचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे, ग्रीन कार्डाची रांग संपत नाही. सही करावी का?

ताई, आत्ता सही करू नका.

मुलाच्या शाळेचा किंवा खेळाच्या नियमांचा इथे अडसर नाही. न्यू जर्सीच्या शालेय क्रीडा संघटनेने २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरू द्यायची मुभा दिली आहे. फक्त शाळेचं नाव, बोधचिन्ह, गणवेश त्यात दिसता कामा नये. अडचण आहे ती तुमच्या घरातल्या व्हिसाच्या फाइलमध्ये. मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर असणार, आणि एच-४ वरच्या मुलाला अमेरिकेत काम करून पैसे कमावता येत नाहीत. पोस्ट टाकून पैसे घेणं हे काम धरलं जाऊ शकतं. पैशांऐवजी रॅकेट, बूट मिळाले तरी तो मोबदलाच. वर्गातल्या अमेरिकन मित्राला जे चालतं ते आपल्या लेकराला चालत नाही, हे त्याला सांगताना जीव तुटतो, मला कल्पना आहे. पण दोन पोस्टच्या पैशांपायी पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी 'परवानगीशिवाय काम केलं' असा ठपका येण्याचा धोका पत्करू नका.

कॉलेजात गेल्यावर हा प्रश्न आपोआप सुटेल असंही नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. तोवर ग्रीन कार्ड हाती आलं नसेल तर बहुतेक मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात आणि तिथेही कामावर कडक बंधनं आहेत. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी, २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला. पण तो कॅनडाचा, याच विद्यार्थी व्हिसावर आलेला. बरोबरीचे खेळाडू जाहिरातींतून कमावत होते तेव्हा त्याला ते जवळजवळ सगळे पैसे सोडावे लागले. खेळाची स्कॉलरशिप मात्र वेगळी गोष्ट. ती शिक्षणासाठीची मदत आहे, एच-४ वरही घेता येते.

आता 'मिळवून देतो' या शब्दाबद्दल. कॅलिफोर्नियातल्या जेडन रशाडा या अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकला (संघाची चाल ठरवणाऱ्या मुख्य खेळाडूला) शाळेत असतानाच फ्लोरिडा विद्यापीठाच्या समर्थकांच्या गटाने सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार दिला होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने फ्लोरिडाला येण्याची सही केली. पैसे आलेच नाहीत. महिन्याभरात तो तिथून मोकळा झाला, अ‍ॅरिझोना स्टेटला गेला आणि २०२४ मध्ये प्रशिक्षकासह काही जणांना त्याने कोर्टात खेचलं. एवढ्या मोठ्या नावाच्या मुलाची ही गत होते, तर टेनिसपटूला तोंडी दिलेल्या शब्दाला काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण त्यातला सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो. टेनिसच्या वाट्याला फार थोडं उरतं. उलट या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांत संघातल्या जागांवर मर्यादा आली आहे, पुरुषांच्या टेनिसमध्ये १० जणांची. म्हणून कोचला पैशांआधी हे विचारा: मुलाला जागा नक्की आहे का, स्कॉलरशिप किती वर्षांची, दुखापत झाली तर ती राहते का? उत्तर लेखी मागा. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येलसारखी) कॉलेजं तर खेळाची स्कॉलरशिपच देत नाहीत, तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर.

पुढे ग्रीन कार्ड आलं आणि करार करायची वेळ आलीच, तर टक्क्यांचा कलम नीट वाचा. फ्लोरिडा विद्यापीठाच्याच जर्व्हॉन डेक्स्टर या फुटबॉलपटूने २०२२ मध्ये ४,३६,४८५ डॉलरच्या बदल्यात एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या आपल्या पुढच्या कमाईचे १५ टक्के २५ वर्षांसाठी लिहून दिले होते. नंतर त्यालाही कोर्टात जावं लागलं. शिवाय जाहिरातींच्या अशा कमाईतून सहसा कोणी कर कापून घेत नाही, तो आपणच बाजूला काढायचा असतो.

या आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या. ह्यांच्या कंपनीच्या वकिलावर अवलंबून राहू नका, तो कंपनीचा असतो. मुलालाही सोबत न्या, नकाराचं कारण त्याने स्वतःच्या कानांनी ऐकू दे, म्हणजे आईबाबाच आडवे येतात असं त्याला वाटणार नाही. आणि एजंटला एवढंच लिहा: 'प्रस्ताव पूर्ण लेखी पाठवा, वकिलाला दाखवल्याशिवाय आम्ही काही कळवणार नाही.' त्यावर तो घाई करू लागला तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.