घरच्या मशीनवर गोधडी शिवताना मागच्या बाजूला चुण्या का पडतात?

तुमचा प्रश्न वाचून माझी पहिली गोधडी आठवली. तुम्ही लिहिलंय की तुकडे जोडून केलेला दीड बाय दोन मीटरचा वरचा भाग अगदी सपाट झाला. पण मधला थर आणि अस्तर लावून तिन्ही एकत्र शिवायला घेतल्यावर चार रेघांतच मागे चुण्याच चुण्या, तर आता मोठं मशीन घ्यावं का? नका घेऊ. साध्या घरगुती मशीनवर, अगदी फक्त सरळ टाका घालणाऱ्या मशीनवरही एवढी गोधडी होते. मी केल्यात. चुण्या तुम्हाला मशीनवर दिसल्या, पण माझा अंदाज असा की त्या आधीच पडल्या होत्या, जमिनीवर थर टाचताना.

चुण्या कुठल्या बाजूला आहेत यावरून बरंच कळतं. मशीनचे दाते खालचं कापड मागे ओढतात आणि वरचा पाय वरच्या कापडाला दाबून थोडा अडवतो. दोन पदरी कपड्यात हा फरक जाणवत नाही. मध्ये फुगीर थर आला की वरचं कापड मागे पडत जातं, पायापुढे त्याची लाट जमते आणि आडवी रेघ आली की तिथे मुडपून शिवली जाते. ही चुणी वरच्या बाजूला दिसते. तुमच्या चुण्या अस्तरावर आहेत, म्हणजे अस्तर मुळातच सैल टाचलं गेलं.

टाचण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि म्हणून सगळे ते उरकतात. मीही उरकलं होतं, पलंगावर पसरून, ३०-४० टाचण्यांत. तसं करू नका. फरशी पुसून घ्या, अस्तराला इस्त्री करा आणि ते उलटी बाजू वर करून पसरा. आधी चारी बाजूंच्या मध्यावर चिकटपट्टी, मग कोपऱ्यांकडे सरकत बाकीची. कापडात झोळ राहता कामा नये, पण ते ओढून ताणायचंही नाही. ताणलेलं अस्तर पट्टी काढली की आकसतं आणि वरचे दोन थर सैल पडतात. तळहात फिरवून पाहा, कापड हातापुढे गोळा होत नसेल तर झालं. मग मधला थर, मग वरचा भाग, दोन्ही मध्यापासून बाहेर सारखे करत. अस्तर आणि मधला थर चारी बाजूंनी ८-१० सेंटिमीटर जास्त ठेवा, शिवताना दोन्ही थोडे आत खेचले जातात.

टाचायला साध्या टाचण्या नकोत, त्या गळतात आणि हात ओरबाडतात. सेफ्टी पिना घ्या, मध्यापासून लावा, साधारण १० सेंटिमीटरवर एक. गोधडीवर कुठेही मूठ ठेवली तरी तिच्याखाली पिन लागली पाहिजे. तुमच्या मापाला हिशेब केला तर १५ गुणिले २०, म्हणजे ३०० पिना होतात. आकडा ऐकून हसू येईल, पण तेवढ्या लागतात. जिथून शिलाई जाणार ती जागा सोडून लावा. पिना बंद करताना बोटं दुखतात, म्हणून मी चमच्याच्या कडेने टोक उचलते. पिना कमी असतील तर हाताने लांब लांब कच्चे टाके घाला. वेळ जातो, पण पकड उत्तम बसते.

मधला थर कुठला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सुती पत्रा, म्हणजे कापसाचा दाबून केलेला सलग थर, असेल तर तो कापडाला धरून राहतो, नवशिक्याला तोच सोपा. पॉलिएस्टरचा हलका आणि फुगीर असतो, पण घसरतो, तिथे पिना आणखी जवळ हव्यात. सुटा पिंजलेला कापूस मात्र घरच्या मशीनवर घालू नका, तो एका कोपऱ्यात जमतो. आणि अस्तराला घट्ट विणीची चादर वापरली असेल तर सुईला ती टोचणं जड जातं, टाके चुकतात. तिथे साधं सुती कापड बरं.

आता मशीन. सुई नवी घाला, १४ नंबरची. थर जाड असतील तर १६. टाका अडीच ते तीन मिलिमीटर, नेहमीपेक्षा थोडा लांब. पायाचा दाब कमी करायचा स्क्रू असेल तर थोडा सैल करा. एक गोष्ट विकत घ्यायचीच असेल तर वॉकिंग फूट घ्या. त्याला स्वतःचे दाते असतात आणि त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर बसते, त्यामुळे सुईच्या हालचालीबरोबर तो वरचं कापडही मागे नेतो. सरळ रेघांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र तो तुमच्या मशीनला बसतो का ते आधी बघा, सगळ्या मशीनचे पाय सारखे नसतात.

मोठ्या गोधडीचा खरा त्रास वजनाचा. गोधडी टेबलावरून लोंबली की ती सुईपाशी कापड ओढते, टाके बारीक होतात, रेघ वाकडी जाते, कधी सुईही मोडते. डाव्या बाजूला आणि मागे टेबल लावा, नाहीतर खुर्च्यांवर फळी टाका. गोधडीची गुंडाळी करून मशीनच्या पोटातून घाला असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, गुंडाळी लाकडाच्या ओंडक्यासारखी होते आणि वळत नाही. मी गोधडी सरळ गोळा करून ढिगासारखी आजूबाजूला सोडते. सुईभोवतीची वीतभर जागा सपाट आणि सैल असली की पुरे.

पहिली रेघ बरोबर मध्यातून उभी, दुसरी मध्यातून आडवी. मग मध्याकडून कडेकडे एकेक भाग. कडेकडून आत शिवत आलात तर मधला जास्तीचा झोळ जाणार कुठे? शेजारशेजारच्या रेघा एकाच दिशेने घाला. एक वर, एक खाली अशा घातल्या तर मधलं कापड तिरपं पिळवटतं.

वेलबुट्ट्या किंवा गोलाकार नक्षी करायची हौस असेल तर दाते खाली करावे लागतात आणि कापड आपल्या हाताने फिरवावं लागतं. त्यासाठी रफूचा पाय मिळतो. इथे टाक्याची लांबी हाताच्या आणि मशीनच्या वेगावर ठरते, मशीनवरचा आकडा निरुपयोगी. आणि हा पाय कापडाला जेमतेम टेकतो, म्हणून पाय वर-खाली करायची मागची दांडी खाली करायची राहून जाते. दांडी वर असली की दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि खाली दोऱ्याचं घरटं तयार होतं. माझं पहिलं घरटं कात्रीने कापून काढावं लागलं, सोबत अस्तराचाही तुकडा गेला. उरलेल्या कापडाचा ४० सेंटिमीटरचा चौकोन, तोही तिन्ही थरांचा, आधी सरावाला घ्या.

तुमचा वरचा भाग सपाट आहे म्हणता, तरी पुढच्या वेळेसाठी एक सांगते. शिलाईची दाब-जागा, म्हणजे शिलाई आणि कापडाची कड यांतलं अंतर, पाव इंच म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर ठेवतात. ती १ मिलिमीटरने जरी चुकली तरी प्रत्येक जोडावर २ मिलिमीटर जातात. १२ तुकड्यांच्या ओळीत ११ जोड, म्हणजे २२ मिलिमीटर. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोन्ही जुळणार कशा? कडेची पट्टी लावतानाही तेच. लांब पट्टी शिवत जायची आणि उरलेली कापायची ही सवय वाईट, कड लाटालाटांची होते. गोधडीचं माप मध्यातून घ्या आणि पट्टी तेवढीच कापून बसवा.

आता गोट, म्हणजे शेवटी गोधडीची कड झाकणारी पट्टी, त्याबद्दल थोडक्यात. साडेसहा सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून मधोमध दुमडायच्या, म्हणजे कड दुपदरी होते. वापरात पहिली झिजते ती कड, म्हणून दुपदरीच हवी. तुमच्या गोधडीचा घेर ७०० सेंटिमीटर, जोडाला आणि कोपऱ्यांना ३० धरा. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून ८ पट्ट्या, म्हणजे ६० सेंटिमीटर कापड आणलं की भागतं. पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडा, नाहीतर जोडावर जाड गाठ येते. उरेब, म्हणजे तिरपं कापलेलं, कापड फक्त गोलाकार कडेला लागतं, सरळ कडेला नको.

आता हातातल्या गोधडीचं काय? चारच रेघा आहेत, उसवा. अस्तराच्या बाजूने दर चौथा टाका कापा आणि वरच्या बाजूचा दोरा ओढा, सरसर निघतो. टाकाटाका उसवत बसू नका. नंतर तिन्ही थर पूर्ण सुटे करा, आहे तसंच पुन्हा टाचायचा मोह होईल, पण तेच अस्तर परत सैल राहील. सुईची भोकं दिसतील, त्यांवर पाण्याचा हबका मारून नखाने हलकेच घासा आणि इस्त्री फिरवा, सुती कापडात बहुतेक बुजतात. राहिलेली पहिल्या धुण्यात जातात.