‘वयाला योग्य नाही’ म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढलं, तर ती सेन्सॉरशिप म्हणायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत, मराठी माध्यमात. शाळेच्या ग्रंथालयातून त्याने मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी घरी आणली. निम्मी वाचून झाली असताना ग्रंथालयाच्या बाईंनी ती परत मागवली आणि त्यानंतर ती कपाटात कुणाला दिसलेलीच नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘या वयाला योग्य नाही.’ ही सेन्सॉरशिप की शाळेचं कर्तव्य, आणि पालकाने बोलावं की सोडून द्यावं?

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे, म्हणजे तुमच्या गोष्टीतल्या बाईंच्या जातकुळीची. वय बघून पुस्तक देणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पाचवीतल्या मुलाने ‘शाळा’ मागितली तर मी सरळ सांगते, ‘तीन-चार वर्षांनी ये.’ पण तुमच्याकडे झालं ते वेगळं आहे. शाळेला एकच विचारा: ‘मग हे पुस्तक कितवीत मिळेल?’ ‘दहावीत देऊ’ असं उत्तर आलं तर ती निवड झाली. पटो न पटो, निवड. उत्तरच आलं नाही किंवा ‘शाळेत नकोच’ असं आलं, तर पुस्तक काढून टाकलेलं आहे आणि वय हे निमित्त आहे.

वयाचं निमित्त किती लवचिक असतं बघा. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ बीएच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढली. शिवसेनेवरच्या मजकुराला एका विद्यार्थी संघटनेचा आक्षेप होता. ती अभ्यासाला असलेले बीएचे विद्यार्थी मतदानाच्या वयाचे होते. त्यांना मतदान करता येत होतं, पण कादंबरी झेपणार नव्हती!

आता ‘शाळा’बद्दल. २००४ साली मौज प्रकाशनाने काढलेली, आणीबाणीच्या काळात नववीत असलेल्या मुकुंद जोशीची गोष्ट. ती बालसाहित्य म्हणून लिहिलेली नाही, हे शाळेच्या बाजूने मान्य करायला हवं. मुलं शिव्या देतात, मुलींबद्दल बोलतात ते त्या वयातली मुलं बोलतात तसं. पण माझ्या अनुभवात शिक्षकांना खरी टोचते ती शिवी नाही. वर्गशिक्षिका बेंद्रेबाईंना पोरं ‘बेंद्रीण’ म्हणतात, ते टोचतं. शिक्षक मुलांच्या नजरेतून कसे दिसतात ते त्या पुस्तकात आहे, आणि शिक्षक-खोलीत चहा घेताना ते वाचणं सुखाचं नाही. त्यावर आक्षेप घ्यायला कुणी धजत नाही, मग बोट शिव्यांवर ठेवलं जातं.

आमच्याकडे तक्रार येते ती बहुतेक वेळा मोबाइलवरून. एका पानाचा फोटो, खाली कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा, एक ओळ लाल रंगाने अधोरेखित. वर्गाच्या पालक-ग्रुपवर तो फिरतो, संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांच्या फोनवर पोहोचतो, आणि सकाळी शिपाई निरोप आणतो, ‘मॅडम, सरांनी ते पुस्तक मागवलंय.’ पुस्तक जातं आणि सरांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात बसतं. मागचं पान, पुढचं पान कुणी वाचलेलं नसतं.

आणि कागदावर काय होतं? काहीच होत नाही. शाळेच्या ग्रंथालयात दाखल नोंदवही असते. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, बिलाचा तपशील, आणि शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना. पुस्तक बाद करायचं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव होतो, मंजुरी घेतली जाते आणि त्या रकान्यात कारण पडतं: जीर्ण, वाळवी, गहाळ. ‘पालकांचा आक्षेप’ असा शेरा मी आजवर कुठल्याही शाळेच्या नोंदवहीत पाहिलेला नाही. नोंदवहीनुसार तुमची ‘शाळा’ आजही कपाटात आहे. आपल्याकडची शालेय सेन्सॉरशिप ही अशी असते. बंदी नाही, आदेश नाही, सही नाही. त्यामुळे दाद मागायची तरी कशाविरुद्ध, हाच प्रश्न पडतो. शिवाय पुढच्या वर्षीच्या खरेदीत ग्रंथपाल आपणहून तसलं पुस्तक यादीत घालत नाही, हा दुसरा परिणाम, आणि तो तर कुणाला दिसतही नाही.

वयानुसार निवड म्हणजे काय, यातही मोठा गोंधळ आहे. मुलाला भाषा झेपते का हा एक प्रश्न, आणि विषय झेपतो का हा दुसरा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांवर पातळी १ ते ४ छापलेली असते. ती वाचता येण्याची पातळी आहे, विषयाची नाही. चित्रपटांना आता यूए ७+, १३+, १६+ अशी वर्गवारी आली. पुस्तकांना तसं सरकारी प्रमाणपत्र नाही आणि ते नसावंच असं माझं मत आहे, कारण तेराव्या वर्षी काय झेपतं हे पोरापोरागणिक बदलतं. आई नुकती गेलेल्या मुलीच्या हातात मी ‘श्यामची आई’ आपणहून ठेवणार नाही. तिने मागितलं तर मात्र नाहीही म्हणणार नाही. हे ठरवायला मुलगी माहीत असावी लागते. छापील वयोगटाने ते होत नाही.

आणि आपली वयाची फूटपट्टी कमालीची एकांगी आहे. स्नेहसंमेलनात दुसरीतली पोरं पुठ्ठ्याच्या वाघनखांनी अफजलखानाचा कोथळा काढतात, पालक उभं राहून व्हिडिओ घेतात. द्रौपदीचं वस्त्रहरण मुलांच्या महाभारतात सचित्र असतं. ते नको असं मी अजिबात म्हणत नाही. मुलांना ते छान पचतं. पण मग नववीतल्या एका मुलाला एक मुलगी आवडते, एवढ्याने मुलं बिघडतील हे कोणत्या हिशेबाने?

पालकांच्या चिठ्ठीवर मोठ्यांची पुस्तकं द्यायची, असा मधला मार्ग बऱ्याच शाळा काढतात. कथा-कादंबऱ्यांसाठी तो चालतो, मीही वापरते. शरीराबद्दलच्या पुस्तकांसाठी तो साफ चुकीचा आहे. पाळी, वयात येणं, नको असलेला स्पर्श, या विषयांवरची पुस्तकं सहावी-सातवीच्या मुली नकाशाच्या पुस्तकात घालून वाचतात. त्यातल्या जिला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तिला घरून चिठ्ठी आणणं शक्य नसतं. कदाचित अडचण घरातच असते. म्हणून ती पुस्तकं माझ्याकडे उघड्या फळीवर असतात, तिथेच बसून वाचायची, देवघेवीच्या वहीत नाव लिहायचं नाही. यावरून मला बोलणी बसली आहेत आणि पुढेही बसतील. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो थांबवला गेला. पुढे २०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला. म्हणजे अत्याचार झाला तर मुलीने नेमकं काय झालं ते सांगावं ही अपेक्षा कायद्याची, आणि ते सांगायचे शब्द ज्या पुस्तकात आहेत ते कुलपात.

काही पुस्तकं मीही हलवते, हे सांगायलाच हवं. जुन्या विनोदी बालकथांत जातीवरून, रंगावरून, व्यंगावरून केलेले विनोद सर्रास सापडतात. तेव्हा कुणाला खटकले नाहीत, कारण ज्यांना खटकायचे ती पोरं तेव्हा वर्गात कमी होती. असं पुस्तक मी फेकत नाही. पण वाचनाच्या तासाला मोठ्याने वाचायला देत नाही, कारण ज्याच्या जातीवर विनोद आहे तो तिसऱ्या बाकावर बसलेला असतो, आणि उरलेला वर्ग हसताना त्याच्याकडे वळून बघतो. तेच पुस्तक कुणी स्वतःहून उचललं आणि एकट्याने वाचलं तर गोष्ट वेगळी. वर्गात सक्तीने ऐकावं लागणं आणि कपाटातून आपल्या मनाने निवडणं यांना एकच नियम लावता येत नाही.

हाच फरक अमेरिकेतल्या एका खटल्यात महत्त्वाचा ठरला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथल्या शाळा-मंडळाने १९७६ मध्ये काही पुस्तकं ग्रंथालयातून काढली. गंमत म्हणजे मंडळानेच पालक आणि कर्मचाऱ्यांची समिती नेमली, समितीने त्यातली बरीचशी ठेवायला सांगितली, आणि मंडळाने समितीचंच ऐकलं नाही. विद्यार्थीच कोर्टात गेले. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, पण विद्यार्थ्यांच्या बाजूच्या मुख्य मताचा गाभा असा होता: अभ्यासक्रमात काय असावं यात मंडळाला बरीच मोकळीक आहे; ग्रंथालयातलं पुस्तक मात्र त्यातले विचार आवडले नाहीत एवढ्यावरून काढता येणार नाही. पुस्तक शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य ठरलं तर गोष्ट निराळी. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण तिकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत आक्षेप घेणाऱ्यासाठी एक छापील अर्ज असतो आणि त्यात ‘आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे काय?’ असा प्रश्न असतो. तो अर्ज आपण उचलायला हरकत नाही. अंगठ्याच्या फोटोंपैकी निम्मे तिथेच गळतील.

आपल्याकडेही या विषयावर सर्वोच्च न्यायालय बोललेलं आहे, तेही मराठी कथेच्या निमित्ताने. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. त्या निकालातला मुद्दा असा होता की, पौगंडावस्थेतल्या मुलांच्या नजरेला लैंगिकतेचा उल्लेखही पडू नये असा दंडक लावला तर लेखकांना फक्त त्यांच्यासाठीच लिहावं लागेल, मोठ्यांसाठी लिहिताच येणार नाही. हा निकाल लेखकाच्या शिक्षेबद्दलचा आहे, शाळेच्या कपाटाबद्दलचा नाही, त्यामुळे मुख्याध्यापकांसमोर तो फडकवू नका. पण ‘असलं पुस्तक बेकायदेशीर आहे’ असं कुणी म्हणालं तर उपयोगी पडेल.

आता तुम्ही काय करायचं ते. भांडायला जाऊ नका, ग्रुपवर लिहू नका; तिथे विषय पुस्तकाचा न राहता तुमच्या संस्कारांचा होतो. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या. पुस्तक सध्या कुठे आहे, आक्षेप लेखी आहे का, संपूर्ण पुस्तक कुणी वाचलं, आणि कोणत्या इयत्तेपासून ते दिलं जाईल, एवढंच विचारा. बाईंना वेगळं भेटा. त्यांच्यावर वरून दडपण असण्याची शक्यता दाट आहे आणि तुमचं पत्र त्यांना आधार वाटेल. ‘पालक मागतायत’ हे वाक्य आम्हाला फार क्वचित वापरायला मिळतं. नंतर शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत एकच मागणी ठेवा: आक्षेप आला तर दोन शिक्षक आणि दोन पालकांनी पुस्तक पूर्ण वाचावं, निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहावं आणि निर्णय नोंदवहीत लिहावा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवं असं म्हटलंय. तो कायदा आठवीपर्यंतचा, तुमचा मुलगा नववीत; तरी ग्रंथालय ही शाळेची मेहेरबानी नाही हे बोलून दाखवायला तेवढा आधार पुरतो.

ज्या पालकाने तक्रार केली, त्याच्यावर चिडू नका. आपल्या मुलाने ते वाचू नये असं ठरवायचा त्याला हक्क आहे, आणि त्याने तसं कळवलं तर मी त्याच्या मुलाच्या कार्डावर नोंदही करते. तुमच्या मुलासाठी ठरवायचा हक्क त्याला नाही, एवढंच बैठकीत शांतपणे सांगा.

मुख्याध्यापकांनी ‘दहावीपासून देऊ’ असं लेखी दिलं तर तिथे थांबा. मला स्वतःला नववी योग्य वाटते, पण एका वर्षाच्या फरकावरून शाळेशी वैर घेण्यात अर्थ नाही. मुलाला मात्र तोवर ताटकळत ठेवू नका. उरलेली निम्मी कादंबरी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मिळेल. आधी तुम्ही वाचा, मग त्याला द्या, आणि बेंद्रीण कशी वाटली ते त्याला विचारा.