पाटल्या हव्यातच, पण आईंच्या ठेवीतून नकोत

ताई, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. आई मिरजेला थोरल्या दादांकडे असतात, तुम्ही पुण्यात, धाकटा भाऊ दुबईला. वडील रेल्वेत होते, त्यांच्या मागे आईंना कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. येत्या माघात आईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं घरात ठरलंय. अंदाज 5 लाखांचा आहे: हॉल, 200 पानं, सजावट आणि फोटो मिळून 2 लाख, आणि आईंसाठी 3 लाखांच्या सोन्याच्या पाटल्या. तुम्ही तिघं मिळून 2 लाख घालणार. उरलेले 3 लाख आईंच्या 6 लाखांच्या मुदत ठेवीतून घ्यावेत, ती पुढच्या महिन्यात संपतेच आहे, असं दादा म्हणतात. 1991 साली दादांच्या पॉलिटेक्निकच्या फीसाठी आईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या परत घालायच्या ही दादांची जुनी इच्छा. तुम्ही विचारलंय, दादांना अडवू का?

पाटल्यांना अडवू नका. ठेवीला मात्र हात लावू देऊ नका.

दादांची भावना मला पूर्ण समजते आणि म्हणूनच हे म्हणतोय. ज्या पाटल्या मुलासाठी गेल्या, त्या मुलाच्या कमाईतून परत आल्या तर त्याला अर्थ आहे. आईंच्याच ठेवीतून आणल्या तर आपल्या औषधाचे पैसे हातात घालून त्या बसतील. ठेव 7 टक्क्यांची धरली तर 6 लाखांवर वर्षाला 42,000, म्हणजे महिन्याला 3,500 रुपये येतात. निम्मी मोडली की 1,750 गेले. तुमच्याच पत्रात आहे की त्यांच्या औषधांना महिन्याला 2,000 लागतात. ते पैसे तुम्ही तिघं आनंदाने द्याल, यात मला शंका नाही. पण मग त्यांना मागावे लागतील. आजवर नातवाच्या हातावर शंभराची नोट ठेवणारी बाई औषधासाठी मुलाच्या तोंडाकडे बघू लागली, तर काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांचा हात देता राहिला पाहिजे.

सोन्याचा हिशेबही बघा. 10 टक्के घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी धरला, तर 3 लाखांत सोनं साधारण 2 लाख 65 हजारांचं येतं. वरचे 35 हजार मोडताना परत मिळत नाहीत. शिवाय 81 व्या वर्षी त्या पाटल्या रोज हातात राहणार नाहीत, लॉकरमध्ये जातील. दादांना आज स्वतःच्या पैशातून जेवढं झेपेल तेवढंच करू द्या, एखादी हलकी अंगठी का होईना. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बघून घ्यावी, आणि घालताना 1991 ची गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर सांगावी.

आता तुम्ही सहज लिहून गेलेलं एक वाक्य: ‘पेन्शन पूर्वीइतकीच येते, महागाई भत्ता धरून 22,000 च्या आसपास.’ ताई, इथे मी थबकलो. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या निवृत्तीवेतनात 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ रकमेत 20 टक्के वाढ होते. कुटुंब निवृत्तीवेतनालाही हा नियम आहे आणि वाढ त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होते. पुढे 85 ला 30 टक्के, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला दुप्पट. तुम्ही मूळ रक्कम 14,000 कळवलीय, म्हणजे 2,800 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता दरमहा वाढायला हवा होता. हजार पौर्णिमा व्हायला 80 वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात. म्हणजे त्या दिवसापर्यंत दहा महिन्यांची थकबाकी नुसत्या मूळ रकमेची 28,000 होते.

हे का अडकतं? बहुतेक वेळा जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नीची जन्मतारीखच लिहिलेली नसते. मग बँकेला 80 वर्षं पूर्ण झाल्याचं कळत नाही आणि वाढ आपोआप लागत नाही. पासबुक भरून घ्या, पीपीओ काढा, आईंचं पॅन कार्ड आणि मतदार ओळखपत्र घेऊन पेन्शनच्या शाखेत अर्ज द्या. तिथे काम झालं नाही तर मध्य रेल्वेच्या पुणे विभागीय कार्यालयात, तुम्ही पुण्यातच आहात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. आणि 80 च्या पुढच्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न बघता 1 ऑक्टोबरपासून देता येतो, तोही दादांच्या लक्षात असू द्या.

ठेव संपली की 6 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याचा व्याजदर 8.2 टक्के आहे, खातं उघडताना असेल तोच पाच वर्षं राहतो. दर तिमाहीला 12,300 रुपये येतील. पाच वर्षं या वयात मोठी वाटतील, पण खातेदाराचं काही बरंवाईट झालं तर वारसाला मुदतीआधी पैसे मिळतात आणि त्यासाठी दंड कापला जात नाही. या योजनेत जोडीदाराखेरीज कुणाला संयुक्त खातेदार करता येत नाही, म्हणून नामनिर्देशन त्याच दिवशी करा. दुबईच्या भावाने याच खात्यासाठी आईंना पैसे पाठवले तरी चालतील. मुलाकडून आईला मिळालेल्या भेटीवर कर नाही आणि पुढचं व्याज आईंच्याच उत्पन्नात धरलं जातं. रक्कम बँकेतूनच पाठवावी.

उरले तुमचे तिघांचे 2 लाख. त्यातले 80,000 मी कानाच्या यंत्रांसाठी बाजूला काढीन. ‘हल्ली फोन उचलत नाही, ऐकूच येत नाही म्हणते’ हेही तुमचंच वाक्य. चार महिने नातवंडांचा आवाज नीट न ऐकलेल्या आजीसाठी याहून मोठी भेट मला सुचत नाही. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, कधी कधी नुसता मळ असतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, मग यंत्र लावून पाहणं. आश्चर्याचा धक्का म्हणून ऑनलाइन मागवू नका, ते प्रत्येक कानाला जुळवून घ्यावं लागतं. त्यावर जीएसटी नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या, न घसरणाऱ्या फरशा आणि रात्रीचा दिवा यांना 15,000 धरा. दवाखान्यासाठी रेल्वेचं उमीद कार्ड त्यांच्या नावाने चालू आहे ना, एवढं तपासा.

कार्यक्रम 70,000 मध्ये होतो, फक्त पानं साठ. ओवाळायला दिवे पूर्ण 81 लावा, त्यात काटकसर नको. तुला करायची असेल तर गुळाची करा. आईंचं वजन 48 किलो लिहिलंय, किलोला 60 रुपये धरले तरी 2,880 होतात, आणि तो गूळ एखाद्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेला तर आईंना बरं वाटेल. बेळगावच्या मावशींना आणायला-पोहोचवायला गाडी करा, 12,000 पुरतील. त्या 84 च्या आहेत, दोघींची भेट तीन वर्षांत झालेली नाही असं तुम्ही म्हणता. उरलेले साधारण 20,000 पाकिटात घालून आईंच्या हातात द्या आणि त्याचा हिशेब कुणी विचारू नका.

यंत्रं मात्र कार्यक्रमाच्या महिनाभर आधीच घ्या. पहिल्यांदाच गर्दीत घातली तर भांड्यांचा, लाउडस्पीकरचा आवाज अंगावर येतो आणि माणूस ती काढून डबीत ठेवतो. रोज घरात थोडा थोडा वेळ सवय करू द्या. पंगतीत मावशींना आईंच्या शेजारीच बसवा, आईंना ज्या कानाने अधिक चांगलं ऐकू येतं त्या बाजूला.