आधी दीड मिनिटाचे हंस ऐका

प्रश्न : नमस्कार. मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर झालो, वय ६४. नात पुण्यात बॅलेच्या, म्हणजे त्या युरोपातल्या चवड्यावरच्या नाचाच्या, क्लासला जाते. तिने 'स्वान लेक' ह्या बॅलेचा अख्खा व्हिडिओ पाठवला आणि म्हणाली आजोबा बघाच. दुपारी जेवण करून बसलो, अर्ध्या तासात डोळा लागला, उठलो तर ते अजून नाचतच होते! मला भजन, नाट्यगीत, जुनी सिनेमाची गाणी आवडतात, पण ह्यात ना शब्द ना गाणारा. ती सुट्टीत येईल आणि विचारेल. कुठून सुरू करू?

उत्तर : काका, झोप लागली त्यात तुमचा काही दोष नाही. एक तर भुसावळची दुपार, त्यात पोटात जेवण, आणि वर दोन-अडीच तासांचा कार्यक्रम. नातीने प्रेमाने पाठवलं पण पहिल्याच घासाला अख्खी पंगत वाढली.

आपण भजन किंवा नाट्यगीत ऐकतो तेव्हा आपला कान शब्दाकडे असतो, तानेकडे असतो, कधी समेवर येतो ह्याची वाट बघतो. बॅलेच्या संगीतात ते शोधत बसलात तर हाताला काहीच लागणार नाही, कारण हे संगीत पायांसाठी शिवलेलं आहे, अगदी माप घेऊन शिवतात तसं. मारियस पेटिपा नावाचा नृत्य बसवणारा होता, तो 'स्वान लेक'चं संगीत करणाऱ्या रशियन चायकोव्स्कीला पुढच्या बॅलेंसाठी लिहूनच द्यायचा की इथे इतक्या मात्रांचं संगीत पाहिजे, इथे लय अशी पाहिजे, इथे कारंज्याचे थेंब उडाल्यासारखं वाटलं पाहिजे. आणि एवढा मोठा संगीतकार ते माप पाळून लिहायचा. म्हणून ऐकताना डोळे मिटा आणि एवढंच विचारा, आत्ता ह्या सुरावर पाय काय करत असतील? धावतायत, उड्या मारतायत का चवड्यावर उभे आहेत? एवढं धरलं की निम्मं काम झालं बघा.

सुरुवात 'स्वान लेक'पासूनच करा पण अख्खा नाही, त्यातला छोट्या हंसांचा नाच फक्त. दीड मिनिटाचा आहे. चार मुली एकमेकींचे हात फुलीसारखे गुंफून नाचतात, खाली 'बसून' नावाचं जाड आवाजाचं फुंकवाद्य टुक-टुक-टुक चालत राहतं आणि त्यावर दोन ओबो सूर धरतात. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीतलाच, दुहेरी पत्ती फुंकून वाजणारा, म्हणून तुमच्या कानाला तो परका वाटणार नाही. तीनदा ऐका. मग त्याच बॅलेतली मुख्य धून लावा, तिथे तोच ओबो एकटा रडतो आणि मागे हार्प हे उभं तंतुवाद्य, आणि थरथरणारी व्हायोलिनं. तीनेक मिनिटं. ही तुम्ही कुठेतरी ऐकलेली निघेल, शंभर टक्के.

ह्या 'स्वान लेक'चं नशीब मात्र वाईट. १८७७ ला मॉस्कोत पहिल्यांदा झाला तेव्हा लोकांना फार काही भावला नाही. चायकोव्स्की १८९३ ला गेला, आणि १८९५ ला सेंट पीटर्सबर्गला पेटिपा आणि लेव इवानोव्ह ह्यांनी तो नव्याने बसवला तेव्हा कुठे त्याचं सोनं झालं, आज जगभर बहुतेक ठिकाणी दिसतो तो त्याच बसवणीवरून आलेला. बिचाऱ्याला ते बघायला मिळालं नाही.

एक जपून. नात तुमची परीक्षा घेणार, म्हणून सांगतो, 'मरणारा हंस' म्हणून जो एकटीचा नाच प्रसिद्ध आहे तो 'स्वान लेक'मधला नाही. तो सां-सान्स ह्या फ्रेंच माणसाच्या एका चेलोच्या (मोठ्या, जाड आवाजाच्या व्हायोलिनसारखं वाद्य) तुकड्यावर फोकिन ह्या नृत्य बसवणाऱ्याने नर्तकी अ‍ॅना पावलोव्हासाठी बसवला. भलेभले इथे चुकतात. तुम्ही चुकू नका.

दुसऱ्या आठवड्यात 'नटक्रॅकर' घ्या, १८९२ चा. त्याचा अख्खा बॅले नको, त्यातून चायकोव्स्कीनेच निवडून केलेला छोटा गुच्छ मिळतो, 'नटक्रॅकर सूट' म्हणून शोधा, वीस-पंचवीस मिनिटांचा, म्हणजे भुसावळला गाडीत बसून ऐकायला लागलात तर जळगाव येईस्तोवर संपतो. त्यात शुगर प्लम परीचा नाच आहे, कारंज्याच्या थेंबांची ती फर्माईश ह्याच्यासाठीच होती. थेंब वाजवायला त्याने सेलेस्टा घेतलं, दिसायला छोट्या पियानोसारखं पण आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या, म्हणून आवाज काचेच्या घंटीसारखा येतो. तेव्हा हे वाद्य नवंकोरं होतं, पॅरिसला त्याने ऐकलं आणि आपल्या प्रकाशकाला कळवलं की गुपचूप मागवून घ्या, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह ह्या दुसऱ्या संगीतकारांना सुगावा लागू देऊ नका, नाहीतर ते आधी वापरतील! हे वाचलं तेव्हा मला तो माणूस एकदम जवळचा वाटला, आपल्याकडे शेजारच्याला कळायच्या आत चांगलं बियाणं आणतात ना, तसंच की.

त्याच गुच्छात शेवटी 'फुलांचा वॉल्ट्झ' आहे. वॉल्ट्झ म्हणजे एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. दादरा मनात ठेवून मांडीवर बोटं आपटा, बरोबर बसतं. सुरुवातीला हार्पची लांब लहर आहे तिथे घाई करून पुढे ढकलू नका, ती आलापाची जागा समजा.

प्रश्न : मी अमळनेरचा. मित्राने बोलेरो ऐक म्हणून सांगितलं, आमच्याकडे बोलेरो म्हटलं की वऱ्हाड भरून नेणारी गाडी. लावून पाहिलं तर पाच मिनिटं तेच ते तेच ते. माले काहीच समजनं नही. हा पण बॅलेच आहे का?

उत्तर : हो भाऊ, बॅलेच. रॅव्हेल ह्या संगीतकाराने १९२८ ला इडा रुबिनस्टाइन ह्या नर्तिकेसाठी लिहिला. आणि तेच ते वाटलं म्हणजे तुम्ही बरोबर ऐकलं, कारण त्यात खरंच तेच ते आहे! एक छोटा ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका धरतो, पंधराएक मिनिटं, त्यावर दोनच धुना आलटून पालटून येतात. बदलतं फक्त वाजवणारं वाद्य. आधी बासरी एकटी, मग क्लॅरिनेट, मग ते वरचं 'बसून' वाद्य, पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, असे एकेक जण येत जातात आणि आवाज चढत जातो.

आपल्या माणसाची इथे फसगत होते, कारण आपल्याकडचं लोकांतलं वहीगायन असो की ख्याल, रंग चढला की लय चढणार हे आपण गृहीतच धरतो. इथे लय इंचभरही चढत नाही. फक्त आवाज वाढतो, वाढतो, आणि अगदी शेवटी सूर एकदम वरच्या पट्टीत उडी मारतो, त्यासाठी तर पंधरा मिनिटं बसायचं. एक व्यवहाराची गोष्ट, सुरुवात इतकी बारीक आहे की ऐकू येत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवून ठेवतो आणि शेवटाला शेजारी दार वाजवतो. माझं झालंय, म्हणून सांगतोय.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळेत शिक्षिका आहे. गॅदरिंगला दरवर्षी तीच गाणी, तेच डीजे. पाचवी-सहावीच्या मुलांना ह्यातलं काही देता येईल का? फार लांबलचक नको.

उत्तर : मॅडम, देता येईल आणि मुलं तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पकडतील. देलिबचा 'कोपेलिया' घ्या, १८७० चा. त्यात एक पोरगा बाहुलीलाच खरी मुलगी समजून भुलतो, मग त्याची ठरलेली बायको त्या बाहुलीचे कपडे घालून बाहुलीसारखी ताठ-ताठ नाचते आणि म्हाताऱ्या बाहुलीवाल्याला फसवते. अर्धी मुलं चावीच्या बाहुल्या, अर्धी चावी देणारी, बसवायला दोन दिवस पुरे. त्याच संगीतकाराच्या 'सिल्विया'मधला 'पिझिकाटो' पण छान, व्हायोलिन गजाने न वाजवता बोटाने छेडतात, मुलांना उंदरासारखं चवड्यावर चालायला लावा त्यावर.

आणि शेवटाला दणका पाहिजे असेल तर खाचाटुरियनचा 'तलवारींचा नाच', 'गयाने' ह्या १९४२ च्या बॅलेतला. युद्धामुळे लेनिनग्राडची बॅले मंडळी पर्म गावाला हलवली होती, पहिला प्रयोग तिथेच झाला. अडीच मिनिटांत लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन असा तडातडा वाजतो की मुलं दमून जातील. लाकडी तलवारी द्या, पण हातभर अंतर ठेवून उभं करा. आणि डीजेवाल्याला आधीच बजावून ठेवा की बेस वाढवू नको, त्यांना सवय असते, आणि झायलोफोन त्यात बुडाला की मग नाचायला काही उरत नाही.

प्रश्न : वरच्या भुसावळच्या काकांसारखाच मीही नवा, चाळीसगावचा. 'राइट ऑफ स्प्रिंग' हा बॅले फार मोठं काम आहे म्हणतात, ते आधी ऐकू का? आणि ह्या सगळ्यात भारत कुठे आहे का?

उत्तर : आधी नको. स्ट्राविन्स्कीचं ते १९१३ मधलं काम, २९ मे ला पॅरिसला पहिल्या प्रयोगात लोकांनी इतका गोंधळ घातला की नाचणाऱ्यांना संगीत ऐकू येईना, नाच बसवणारा निजिन्स्की विंगेतून मात्रा ओरडून मोजत होता. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा पाच मिनिटांत बंद केलं. त्याआधी प्रोकोफिएव्हच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला 'सरदारांचा नाच' ऐका, खालून जड पावलं टाकत येतो, अंगावर काटा. त्याला म्हणे आधी शेवट गोड करायचा होता, जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी नाही, असं त्याचं म्हणणं! नंतर बदलला.

भारत आहे, पण जरा गंमतच आहे. मिंकुसचा 'ला बायादेर', सेंट पीटर्सबर्ग, १८७७, गोष्ट देवळातल्या निकिया नावाच्या नर्तकीची. कपडे, देऊळ, साप सगळं आहे पण संगीतात भारताचा एक सूर नाही, सरळ युरोपातले वॉल्ट्झ. सावल्यांचा प्रसंग तेवढा बघा, पांढऱ्या कपड्यातल्या मुली उतारावरून एकामागून एक तीच हालचाल करत येतात आणि रांग संपतच नाही. खरा भारत हवा असेल तर आपले नर्तक उदय शंकर, १९२३ ला त्यांनी अ‍ॅना पावलोव्हासोबत राधा-कृष्ण केलं, कृष्ण स्वतः आणि राधा ती, मरणाऱ्या हंसाची तीच पावलोव्हा.