समुद्र न पाहता मांटा शिकताना

बाबू, नवेगाव बांधाच्या काठी राहून महाकाय मांटाचा, म्हणजे समुद्रातल्या त्या प्रचंड चपट्या माशाचा, अभ्यास जमेल का, असं विचारलंस. जमेल. मीही समुद्र पाहायच्या आधी कित्येक वर्षं हेच करत होतो.

आधी खळ्यात दोरी टाकून 7 मीटर मोज. मोठ्या मांटाची पंखापासून पंखापर्यंतची रुंदी एवढी भरते.

मग ढिवराकडून आणलेली मरळ घरी चिरताना जवळ बसून बघ. तिला हाडांचा सांगाडा आणि कल्ल्यांवर झाकण असतं. मांटाला हाड एकही नाही. सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानात असते तशा, आणि कल्ल्यांच्या 5 जोड फटी पोटाकडे उघड्या. म्हणूनच ती शार्कची नातलग. एवढं डोळ्यांनी समजलं की वर्गीकरण घोकावं लागत नाही.

नवखे बहुतेक इथे चुकतात :

- मांटा डंख मारत नाही. डोक्यापुढची 'शिंगं' म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव (प्लवक) तोंडाकडे वळवणारे पर.
- जुन्या पुस्तकांत मांटा बायरोस्ट्रिस असं नाव आहे. 2017 पासून तिला मोब्युला वंशात धरतात.
- प्रवाळांजवळची मांटा वेगळी जात, 2009 मध्ये वेगळी काढली. ती लहान, तोंडाभोवती फिकट. महाकाय मांटाचं तोंड बहुधा काळं असतं आणि ती उष्ण समुद्रांत लांबवर फिरते.

मादी एका खेपेला बहुधा एकच पिल्लू देते, तेही सुमारे वर्षभर पोटात वाढवून. मासेमारीने घटलेली संख्या भरून येत नाही ती यामुळेच. हे नीट समजून घे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

जनुकं, स्थलांतर आत्ता नको. दोन्ही मांटांची चित्रं काढून पाठव, मग पोटावरच्या ठिपक्यांवरून एकेक मांटा कशी ओळखतात ते सांगतो.