वाचकांचे प्रश्न : खडक किती सरकला, किती दबलाय, हे कळतं कसं?

या वेळच्या पत्रांमध्ये मेट्रो, बोगदे आणि भिंतीतले तडे यांचीच गर्दी आहे, आणि विषय माझ्या कामाचा, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत.

प्रश्न : आमची चाळ गिरगावात. भुयारी मेट्रोचं खोदकाम चालू होतं तेव्हा आमच्या भिंतीवर छोटे आरशासारखे प्रिझम लावले होते, जिन्यातल्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवली होती, आणि रस्त्यात बोअर मारून त्यात वायरी सोडल्या होत्या. मुलं यायची, रीडिंग घेऊन जायची, विचारलं की "मॉनिटरिंग आहे काकू" एवढंच सांगायची. ते नक्की काय मोजत होते? आणि हे सगळं शोधलं कोणी? (एक वाचक, गिरगाव)

ताई, तो सगळा पसारा एकाच गोष्टीवर नजर ठेवायला होता, ती म्हणजे हालचाल. जमिनीत मोठं भोक पाडलं की आजूबाजूचा खडक आणि वरची माती त्या भोकाकडे थोडी तरी सरकतेच, अगदी उत्तम काम केलं तरी सरकते, प्रश्न फक्त किती आणि किती वेगाने एवढाच असतो.

भिंतीवरच्या प्रिझमवर लांबून टोटल स्टेशनचा (सर्व्हेवाल्यांचं दुर्बिणीसारखं यंत्र) किरण मारतात आणि तो परत येतो त्यावरून अंतर आणि कोन काढतात, म्हणजे भिंत एक-दोन मिलीमीटर हलली तरी कळतं. काचेची पट्टी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक, तडा जरा उघडला की काच तडकते, बस. रस्त्यातल्या बोअरमध्ये वेगवेगळी यंत्रं असतात. इनक्लिनोमीटर म्हणजे आतून खाचा असलेला पाइप, त्यात एक प्रोब सोडून दर अर्ध्या मीटरला पाइप किती कलला ते बघतात, म्हणजे जमीन कुठल्या खोलीवर आडवी सरकतेय ते समजतं. एक्स्टेन्सोमीटरमध्ये एक सळई खोल खडकात पक्की केलेली असते आणि तिचं दुसरं टोक बोअरच्या तोंडाशी मोकळं असतं, दोघांमधलं अंतर बदललं की मधला खडक ताणला गेला किंवा दबला. आणि पिझोमीटर जमिनीतल्या पाण्याचा दाब सांगतो. गिरगाव-काळबादेवीच्या बाजूला माझ्या मते पिझोमीटरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण खाली काळा पाषाण कितीही टणक असला तरी वर भराव आणि माती आहे, त्यातलं पाणी बोगद्यात झिरपून गेलं की माती बसते आणि तिच्याबरोबर जुन्या इमारतींचे पाये.

आता शोधलं कोणी. एक माणूस नाही, पण एकाचं नाव घ्यायचंच झालं तर मी आंद्रे कोयन यांचं घेईन. फ्रान्सचे धरण बांधणारे इंजिनियर, जन्म १८९१. धरणाच्या आत काँक्रीटवर किती ताण येतो याचा तोपर्यंत सगळा हिशोब कागदावरच असायचा, आणि कोयन यांना तो खरा आहे का ते बघायचं होतं. १९३१ साली त्यांनी कंपन पावणाऱ्या तारेच्या गेजचं (मोजयंत्राचं) पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनी आणि रशियातही अशा तारेवर काम चालू होतं, पण धरणाच्या पोटात ती कायमची पुरून वर्षानुवर्षं वाचत राहायची ही पद्धत रुजवली ती कोयन यांनी.

कल्पना इतकी साधी आहे की समजली की माणूस खूश होतो. तंबोऱ्याची तार खुंटीने आवळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. कोयन यांनी एका बंद नळीत बारीक पोलादी तार दोन टोकांना पक्की केली आणि नळी काँक्रीटमध्ये पुरली. काँक्रीट दबलं की दोन टोकं जवळ येतात, तार सैल होते, सूर उतरतो. ताणलं की सूर चढतो. शेजारच्या छोट्या चुंबकीय कॉइलमधून वीज सोडून तार छेडायची आणि मग त्याच कॉइलने तिचं कंपन ऐकायचं. सेकंदाला किती कंपनं झाली त्या आकड्याचा वर्ग केला की तार किती ताणली गेली ते थेट त्या प्रमाणात मिळतं. आजचे असे गेज एक मायक्रोस्ट्रेन टिपतात, म्हणजे एक मीटर लांबीत मिलीमीटरचा हजारावा भाग!

आणि यात खरी गंमत कुठे आहे तर आपण मोजतो तो सूर. वायर शंभर मीटर लांब असो की हजार, सांध्यात ओल शिरो, वायरचा रोध (रेझिस्टन्स) बदलो, तारेचा सूर बदलत नाही. विजेच्या रोधावर चालणारे गेज मुंबईच्या एका पावसाळ्यात वेडेवाकडे आकडे द्यायला लागतात, तारेचा गेज मात्र कॉइल शाबूत असेपर्यंत नीट बोलतो. तापमानाने तार लांब-आखूड होते म्हणून आत थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा भाग) बसवून ती दुरुस्ती वेगळी करावी लागते, एवढंच पथ्य. तुमच्या रस्त्यातल्या वायरींच्या टोकाला बहुतेक अशीच तार असणार, कारण पिझोमीटर, तडा मोजणारा क्रॅकमीटर, भार मोजणारा लोड सेल या सगळ्यांत आज हीच युक्ती वापरतात.

प्रश्न : मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माटुंग्याला. हालचाल मोजतात ते समजलं, पण खडकात आधीपासून असलेला स्ट्रेस कसा मोजणार? तो तर काही न हलता आत बसलेला असतो. सर म्हणाले ओव्हरकोअरिंग वाच, पण पुस्तकातलं डोक्यावरून गेलं. (एक विद्यार्थी)

अगदी बरोबर जागी अडकलायस, आणि इथे अडकणं चांगलं, कारण स्ट्रेस, म्हणजे खडकाच्या आत साठलेला दाब, थेट दाखवणारं यंत्र जगात कुठेच नाहीये. शांत बसलेल्या खडकाला आधी मोकळं करायचं, तो किती हलतो ते मोजायचं आणि मग उलटा हिशोब करायचा. सगळ्या पद्धती यावरच उभ्या आहेत.

आधी आकड्यांचा अंदाज घे. बेसाल्टचं वजन धरलं तर दर मीटर खोलीला साधारण ०.०२७ मेगापास्कल उभा दाब वाढतो. मुंबईला पाणी आणणारे महापालिकेचे बोगदे जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे तिथे नुसत्या वरच्या खडकाच्या वजनाने २.७ मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटीमीटरला २७ किलो. त्यात भोक पाडलं की भोकाच्या कडेला तो दुप्पट-तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन इंजिनियरने १८९८ मध्येच गणिताने दाखवलंय. पण हा फक्त उभा दाब झाला. आडवा किती? तो वजनावरून काढता येत नाही, तो मोजावाच लागतो.

हे स्वीडनच्या निल्स हास्ट यांनी जगाला पटवलं. त्यांनी खाणींमध्ये जाऊन आधी एक लहान बोअर मारला, त्यात स्वतः बनवलेला सेल घट्ट बसवला. त्या सेलमध्ये निकेल-लोखंडाचा मिश्रधातू होता, ज्याचे चुंबकीय गुण दाबाने बदलतात. मग त्याच बोअरभोवती मोठ्या व्यासाच्या पोकळ बिटने पुन्हा ड्रिल केलं. झालं काय तर आतली दगडाची नळी बाकीच्या खडकापासून सुटी झाली, तिच्यावरचा दाब गेला आणि ती किंचित फुगली. ते फुगणं सेलने टिपलं. हेच तुझं ओव्हरकोअरिंग, पुस्तकात आकृती बघताना एवढं लक्षात ठेव की मोठा ड्रिल फिरताना आतली नळी "सुटते", मग आकृती आपोआप कळेल. १९५८ मध्ये हास्ट यांनी निकाल छापले आणि लोकांना धक्का बसला, कारण स्कँडिनेव्हियात आडवा दाब उभ्या दाबापेक्षा जास्त निघाला, तोवर बहुतेक जण उलटं धरून चालायचे.

फुगतो किती तेही बघ. ३८ मिमीचा बोअर, सगळीकडून ३ मेगापास्कल दाब, आणि दगडाचा मॉड्युलस (दगड दाबाला किती ताठ आहे त्याचं माप) ५० गिगापास्कल धरला तर व्यास बदलतो मिलीमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाने. ड्रिलिंगचं पाणी अंगावर उडतंय, मशीन थरथरतंय आणि त्यात हे मोजायचं! म्हणून एका रीडिंगवर कोणी विश्वास ठेवत नाही, एकाच जागी अनेक घेतात. पुढे दक्षिण आफ्रिकेत लीमन यांनी सोन्याच्या खोल खाणींसाठी बोअरच्या भिंतीवर तीन जागी स्ट्रेन गेज (लांबीतला बारीक बदल टिपणाऱ्या पट्ट्या) चिकटवणारा सेल केला आणि एकाच ओव्हरकोअरमधून तिन्ही दिशांचा पूर्ण स्ट्रेस मिळायला लागला. दगड कोरडा नसेल तर गेज चिकटतच नाही ही त्यातली रोजची कटकट.

मला मात्र सगळ्यात आवडते ती फ्लॅट जॅकची पद्धत, कारण तिच्यात दगडाचा मॉड्युलस लागतच नाही. बोगद्याच्या भिंतीवर दोन पिना ठोकायच्या, मधलं अंतर मोजायचं, मग दोघींच्या मध्ये करवतीने एक चीर पाडायची. भिंत दाबाखाली असेल तर चीर मिटायला बघते आणि पिना जवळ येतात. आता चिरेत तेल भरायचा चपटा पोलादी जॅक सरकवायचा (हा जॅक मुळात प्रीस्ट्रेस काँक्रीटवाल्या फ्रेसिने यांचा) आणि पिना पुन्हा मूळ अंतरावर येईपर्यंत पंप मारायचा. त्या क्षणी गेजवर जो दाब दिसतो तोच भिंतीतला दाब. फक्त लक्षात ठेव, हा भोकाच्या कडेचा दाब आहे, लांबच्या न दुखावलेल्या खडकाचा नाही.

फार खोल असेल तर यातलं काही चालत नाही, तिथे बोअरचा एक तुकडा वर-खाली पॅकर (फुगवून बसवायची बुचं) लावून बंद करतात आणि आत पाणी दाबून खडक फोडतात, फुटताना आणि चीर मिटताना दाब किती होता त्यावरून हिशोब. आपल्याकडे कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, त्या भागात पुढे गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर घेतलाय, वरचा बेसाल्ट पार करून खालच्या ग्रॅनाइटमध्ये, तिथल्या अभ्यासात खडकातला ताण हा एक मुख्य भाग आहे. कऱ्हाडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे, ट्रेनिंगसाठी अर्ज करून बघ.

प्रश्न : ज्यांनी ही तार शोधली त्यांचंच धरण फुटलं आणि शेकडो माणसं गेली असं वाचनात आलं. खरं असेल तर या यंत्रांवर भरवसा काय ठेवायचा? (एक निवृत्त शिक्षक, मुलुंड)

खरं आहे सर. दक्षिण फ्रान्समध्ये फ्रेजुस गावाच्या वर मालपासे नावाचं कमानी धरण होतं, साठ मीटरहून उंच आणि माथ्याला जेमतेम दीड मीटर जाड. डिझाइन कोयन यांचं. १९५४ मध्ये बांधून झालं, पण पूर्ण भरायची वेळ पहिल्यांदा आली ती १९५९ च्या नोव्हेंबरअखेरच्या जोरदार पावसात. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री नऊनंतर ते फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. काही महिन्यांनी, १९६० मध्ये, कोयनही वारले.

पण फुटलं ते काँक्रीट नव्हे हो, फुटला डाव्या काठाचा खडक. तिथे नाइस नावाचा पदर असलेला दगड होता. कमानीचा रेटा त्या पदरांवर आला, ते घट्ट दाबले गेले आणि त्यातून पाणी झिरपायची वाट बंद झाली. मग पाण्याचा दाब मागे साठत गेला, आणि खाली आधीच असलेल्या भेगेवरून खडकाची अख्खी पाचर धरणासकट सरकली. त्या खडकात पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर नव्हता आणि पाणी काढायला ड्रेनही नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर काँक्रीटच्या आत कान लावला त्याच्या धरणाखालच्या खडकाला कोणी विचारलंच नाही, हे मला आजही फार लागतं.

यंत्रावर भरवसा ठेवा सर, पण यंत्र कुठे बसवलंय हे आधी विचारा. मालपासेनंतर कमानी धरणांच्या दोन्ही काठांच्या खडकात ड्रेन आणि पिझोमीटर बसवायला लागले, आणि १९६२ मध्ये साल्झबुर्गला लिओपोल्ड म्यूलर यांच्या पुढाकाराने खडकांच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली.

प्रश्न : आमच्या सोसायटीजवळून बोगदा जाणार आहे. इमारतीत आधीपासून बारीक तडे आहेत. आम्ही स्वतः काही करू शकतो का? (सेक्रेटरी, बोरिवली पूर्व)

करू शकता, आणि खोदकाम सुरू व्हायच्या आधीच करा, कारण पहिलं रीडिंग नसेल तर नंतरच्या शंभर रीडिंगना काही अर्थ उरत नाही. कंत्राटदाराकडून इमारतीचा आधीचा सर्व्हे होतो, त्याची सही-तारखेची प्रत लेखी अर्ज करून मागा. प्रत्येक तड्याला नंबर द्या, पट्टी शेजारी धरून फोटो काढा. तड्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक बारीक स्क्रू बसवा आणि व्हर्नियर कॅलिपरने दोघांमधलं अंतर महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा, मोजणारा माणूस शक्यतो एकच असू दे. वेळही एकच, सकाळी लवकर, कारण दुपारच्या उन्हाने गच्चीजवळचा तडा स्वतःहूनच हलतो आणि तुम्ही उगाच बोगद्याला दोष द्याल. काचेची पट्टी लावलीत तर काचेवरच तारीख लिहा आणि खालचं प्लॅस्टर खरवडून ती विटेवर किंवा काँक्रीटवर चिकटवा, पोकळ प्लॅस्टरवर लावलेली काच काहीच सांगत नाही. तडा वाढतोय असं दिसलं तर वही घेऊन आधी स्ट्रक्चरल इंजिनियरकडे जा. आणि पावसाळ्याच्या आधीचं आणि नंतरचं असं निदान एक-एक रीडिंग हाताशी ठेवा, भिजलेल्या भिंतीचे आकडे वेगळे येतात.